मजुरी फुकट

काउंटरसमोर उभ्या माणसानं कापडी पिशवीतून शाळेची वही काढली, उघडली आणि मला सरळ वाचता यावी अशी फिरवून ठेवली. वळणदार अक्षर होतं. ‘मला ऐकू येत नाही. बोलता येत नाही. वाचता येतं. मुलगी बेंगळुरूला नोकरीला आहे. तिला बघून बोलायचं आहे. फोन दाखवा. घाई नाही.’

मी उघडलेलं तोंड मिटलं. ‘या काका, बसा काका, बजेट काय काका’ हे एवढं तर तेव्हा माझ्या तोंडून श्वासाबरोबर बाहेर पडायचं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते आतल्या आत राहिलं.

ही दोन हजार तेराच्या जुलैतली गोष्ट. जळगावात नव्या पेठेजवळ सांखलाशेठचं मोबाईलचं दुकान होतं. मी तिथं उभी असायचे, पण पगार शेठ देत नव्हते. पगार ओरिया कंपनी द्यायची. ओरियाचा निळा टी-शर्ट घालायचा, ओरियाच्या काउंटरमागं उभं राहायचं आणि दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक गोड बोलून आपल्याकडं वळवायचं. आम्हाला प्रमोटर म्हणायचे. माझं तोंड चांगलं चालायचं. बाई साडीशी मॅचिंग कव्हर विचारायला आली तरी ओरियाचा फोन घेऊन जायची. आमचे एरिया मॅनेजर निनाद सर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचे, “योगिनी झोपे हिच्याकडून शिका. ती गिऱ्हाइकाला दुसरीकडं बघूच देत नाही.” मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

वहीवाल्या काकांचं नाव मधुकर विसपुते. सोनारकाम करायचे. स्वतःचं दुकान नव्हतं, मोठ्या पेढ्यांसाठी घरी बसून मंगळसूत्राच्या वाट्या आणि डोरली घडवायचे. बारीक अंगाचे, शर्टाची वरची गुंडी लावलेली, उजव्या हाताच्या दोन बोटांवर जुने भाजल्याचे डाग. त्यांनी पान उलटलं. पुढं ओळीनं प्रश्न लिहून आणले होते.

‘तेजलला ऑफिसनं आयफोन दिला आहे. ती म्हणते बाबा तुम्ही पण तोच घ्या. त्यात समोर बघून बोलता येतं. तो एवढा महाग का? बाकीचे एवढे स्वस्त का? फरक काय?’

मी पेन घेतलं. बोलता येत नाही तर लिहू, असं म्हणून सुरुवात केली.

‘आयफोन एकच कंपनी बनवते. फोन तिचा, आतली यंत्रणा तिची, ॲपचं दुकानही तिचंच. बाकीच्यांमध्ये अँड्रॉइड असतं. ते एक कंपनी बनवते आणि फोनवाल्यांना फुकट देते. म्हणून स्वस्त.’

त्यांनी ‘फुकट’ या शब्दाखाली रेघ मारली. माझ्याकडं बघितलं. मग शेजारी लिहिलं, ‘फुकट देऊन तिचं पोट कसं भरतं?’

असा प्रश्न मला दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. ट्रेनिंगमध्ये कानावर पडलेलं आठवून मी लिहिलं, ‘जाहिरातींवर. माणूस फोनवर काय शोधतो, काय बघतो, ते त्यांना कळतं. त्याप्रमाणे जाहिराती दाखवतात.’

‘आणि आयफोनवाला?’

‘तो फोनच महाग विकतो. त्यातच कमाई.’

त्यांना हसू आलं. आवाज न करता, खांदे हलवत हसले. मग सावकाश लिहिलं. ‘आमच्या धंद्यात पण असंच. एक सोनार मजुरी सांगून घेतो. दुसरा पाटी लावतो, मजुरी फुकट. मग तो घट जास्त धरतो. गिऱ्हाइकाला कळत नाही. मजुरी फुकट असली की घट बघावी.’

घट म्हणजे दागिना घडवताना जळून, घासून जाणारं सोनं. ते किती धरायचं हे शेवटी सोनाराच्याच हातात असतं.

मी ओरियाचा नवा फोन बॉक्समधून काढून त्यांच्या हातात दिला. पडदा मोठा होता, पुढचा कॅमेरा खरोखर चांगला होता. आत ओरियाचं स्वतःचं व्हिडिओ कॉलचं ॲप होतं. दुकानातल्याच दुसऱ्या ओरियावर कॉल लावून दाखवला. पडद्यावर मी हात हलवला, त्यांनी हलवला. त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले. आयफोनच्या किमतीत हे चार येतील, असंही लिहिलं.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न लिहिला. ‘यात घट नाही ना?’

आता मला आठवतं ते असं. महिन्याची एकोणतीस तारीख होती, माझं टार्गेट दोन फोनांनी कमी होतं. ओरियाचा व्हिडिओ कॉल फक्त ओरियावरून ओरियावर लागायचा. ते मला पक्कं माहीत होतं. निनाद सरांनी सांगून ठेवलं होतं, “गिऱ्हाइकानं स्पष्ट विचारलं तरच सांगायचं. एकाला कळलं की तो घरातल्या सगळ्यांना ओरियाच घ्यायला लावतो, त्यासाठीच तर ते ॲप आहे.” तेजलकडं आयफोन होता, हे पहिल्याच पानावर माझ्यासमोर लिहिलेलं होतं. आणि या माणसानं तर स्पष्टच विचारलं होतं.

मी लिहिलं, ‘काका, काही घट नाही.’

*

ते तिसऱ्या दिवशी परत आले, सकाळी दुकान उघडताना. बरोबर बायको. कुमुदकाकू ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारी नेसलेल्या. त्यांनी पिशवीतून फोन काढून काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडं बघून हात चालवले. झपाझप. मला एक अक्षर कळलं नाही, पण ते कौतुक नव्हतं एवढं कळलं.

काकांनी त्यांच्या मनगटाला हलकेच स्पर्श केला आणि फोनचा पडदा माझ्याकडं केला. तेजलचं नाव होतं. खाली इंग्रजीत वाक्य होतं, की ही व्यक्ती ओरिया वापरत नाही, तिला आमंत्रण पाठवा.

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, “काय झालं, बेटा?”

“कॉल लागत नाही म्हणतायत.”

“मग सर्व्हिस सेंटरला पाठव. डबा फोडलेला आहे, आपण परत घेऊ शकत नाही. कंपनीचा नियम.”

काकांना ते ओठांवरून कळलं असावं. त्यांनी वही काढली. मला वाटलं, आता शिव्या येणार. त्यांनी लिहिलं, ‘फोन परत नको. मला समजून घ्यायचं आहे. मुलीचा नंबर खाली देतो. तिला विचारा चूक कुठं झाली.’

चूक कुठं झाली! मी नंबर लावला.

“हॅलो, तेजल? मी जळगावहून बोलतेय, सांखला मोबाईलमधून. तुमचे आईबाबा दुकानात आलेत.”

तिनं लगेच विचारलं, “बाबा बरे आहेत ना?”

“हो हो, दोघंही बरे आहेत. फोनचं काम आहे. तुमच्याशी व्हिडिओ कॉल लागत नाहीये.”

तिनं सुटकेचा श्वास सोडला. “मी परवापासून तेच करून बघतेय. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, की माझ्याकडं आयफोन आहे?”

“सांगितलं होतं.”

“मग तुम्हाला माहीत नव्हतं का, की तुमचं ते ॲप आयफोनवर येत नाही?”

मी काउंटरच्या काचेकडं बघत होते. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासमोर खोटं बोलणं सोपं असेल असं वाटतं. उलट आहे. आवाज काढून टाकला की तुमच्या चेहऱ्याखेरीज समोरच्याला बघायला दुसरं काही उरतच नाही.

“माहीत होतं,” मी म्हणाले.

गल्ल्यावर शेठचं पावतीची वही उलटणं थांबलं होतं.

“तुमचं नाव काय?” तिनं विचारलं.

“योगिनी.”

“योगिनी, मला ऐकू येतं. माझ्या घरात फक्त मलाच ऐकू येतं. पण मी बोलायला शिकायच्या आधी हातांनी बोलायला शिकले. बाबा शाळेत गेलेत, त्यांना मी मेसेज करते. आई शाळेत गेलेली नाही. तिला वाचता येत नाही. मी मेसेज पाठवला की बाबा तो वाचतात आणि आई बाबांचा चेहरा वाचते. सात महिने झाले. सात महिन्यांत मी माझ्या आईशी बोललेली नाहीये.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“मला रागवा,” मी म्हणाले. “पण आधी सांगा, काय करता येईल?”

“मी ॲप तपासण्याच्याच कंपनीत कामाला आहे,” ती म्हणाली. “माझ्याही फोनचा कॉल त्याच्याच जातभाईंना लागतो, तुमच्या ओरियाचा ओरियाला. प्रत्येकानं आपापलं कुंपण घातलंय. पण एक तिसरं आहे, ते दोन्हीकडं चालतं. मी नाव सांगते, ते टाका. बाबांना मात्र सगळं समजावून सांगा. समजल्याशिवाय ते काहीच हातात धरत नाहीत.”

मी वही ओढली आणि पहिली ओळ लिहिली, ‘मी परवा खोटं लिहिलं. मला माहीत होतं.’

काकांनी वाचलं आणि मान हलवली. जणू कुणी वजन सांगितलं आणि ते त्यांच्या काट्याशी जुळलं. काकूंकडं वळून त्यांनी दोन-तीन खुणा केल्या. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि पदर खोचून स्टुलावर बसल्या.

मग मी बाकीचं लिहिलं. आयफोनवाल्याचा कॉल त्याच्याच फोनांवर का लागतो, कारण मग घरातला दुसरा माणूसही तोच फोन घेतो. ओरियाचंही तेच, फक्त स्वस्तात. आतलं अँड्रॉइड फुकट आहे, कारण तुम्ही जितकं वापराल तितकं त्या कंपनीला तुमच्याबद्दल कळतं. दोन पानं भरली. दोन वर्षांत मी गिऱ्हाइकांना जे काही बोलले होते, त्यात एवढं खरं एका दमात कधी आलं नव्हतं.

काकांनी सगळं वाचून विचारलं, ‘आणि या तिसऱ्याचं पोट?’

मी फोनवर तेजलला विचारलं. ती हसली. त्या सकाळी पहिल्यांदा. “मला माहीतच होतं ते हे विचारणार. सांगा, त्याला आत्ता फक्त माणसं जमवायची आहेत. जमली की पुढं काय करेल, ते कुणालाच माहीत नाही.”

मी तसंच लिहिलं. काका विचार करत राहिले. मग लिहिलं, ‘ठीक. घट आहे हे कळलं. सांगून घेतलेली घट चालते.’

ॲप उतरवायला घेतलं तर पडद्यावर यादी आली, त्याला काय काय वापरायची मुभा हवी आहे त्याची. कॅमेरा, फोनमधले नंबर, मायक्रोफोन. मी एकेक शब्द मराठीत लिहून देत होते. मायक्रोफोनपाशी ते थांबले. ‘म्हणजे आमच्या घरातलं ऐकणार?’

‘ऐकू शकतं,’ मी लिहिलं.

त्यांनी ते काकूंना खुणांनी सांगितलं, आणि दोघं नवराबायको अशी हसायला लागली की काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकांनी वहीत लिहिलं, ‘ऐकू दे बिचाऱ्याला. दिवसभर भांड्यांचा आवाज.’

*

ॲप तर आलं, पण दुकानात नेट चालेना. मोबाईलच्या नेटवर चित्र येऊन गोठून जायचं. तेजलचा हात वर गेलेला तसाच राहायचा. काकू पडद्याला नाक लावून बघत होत्या. गोठलेला हात म्हणजे अर्धा शब्द.

शेठच्या केबिनमध्ये ब्रॉडबँड होतं, बिलिंगसाठी. त्याचा पासवर्ड शेठ आपल्या मुलालाही देत नसत.

“शेठ,” मी म्हणाले, “वायफाय लागेल.”

“गिऱ्हाइकाला वायफाय द्यायचं नाही. एकाला दिलं की गाव येतं.”

“गिऱ्हाइकासाठी नाही मागत. चूक माझी आहे, मला भरून द्यायची आहे.”

शेठनी चष्म्यावरून बघितलं. “तू त्या माणसाला खोटं सांगून फोन विकलास?”

“हो.”

“माझ्या दुकानात.”

“हो.”

ते उठले. मला वाटलं, मला बाहेर काढतायत. ते केबिनचं दार उघडून आत गेले, टेबलावरची बिलांची चळत उचलून खाली ठेवली आणि म्हणाले, “इकडं आण त्यांना. इथं उजेडही चांगला आहे.” पासवर्ड त्यांनी स्वतःच फोनमध्ये घातला. हातानं पडदा झाकून.

आता एक गंमत सांगते, जी मला तोवर सुचली नव्हती. आपण फोन हातात धरून बोलतो. ज्यांची भाषाच हातांत आहे, त्यांनी फोन कुठं धरायचा? काकांनी तो पाण्याच्या बाटलीला टेकवला, तो घसरला. डब्याला टेकवला तर काकूंचा फक्त चेहरा दिसायचा, हात नाही. शेवटी मीच तो दोन्ही हातांत धरून टेबलापलीकडं उभी राहिले. छातीसमोर, थोडा तिरका, तेजल सांगेल तसा. “अजून वर... आता मागं व्हा... हां, हां, आता आईची कोपरं दिसतायत. हलू नका.”

त्यामुळं झालं असं, की मला तेजल दिसत नव्हती. तिचा आवाज माझ्या तळहातांतून येत होता. मला दिसत होत्या फक्त कुमुदकाकू.

आधी त्या नुसत्या बघत राहिल्या. हात मांडीवर. मग डावा हात वर आला, मग उजवा, आणि मग ते थांबलेच नाहीत. ती झपाझप मी सकाळी काउंटरवर बघितली होती तशीच होती, पण राग काढून टाकलेली. भुवया, ओठ, मान, खांदे, सगळं बोलत होतं. मला वाटलं, सात महिन्यांचं साठलेलं, काय काय असेल.

“तेजल,” मी हळूच म्हणाले, “काय म्हणतायत त्या?”

पलीकडून हसण्या-रडण्याच्या मधला आवाज आला. “विचारतेय, केसांना तेल लावत नाहीस ना? म्हणतेय, तुझं कपाळ मोठं दिसायला लागलंय.”

काका मागं उभे होते. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि उगीचच भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

पुढं शेजारणीच्या सुनेचं झालं, गॅसच्या शेगडीचं झालं, तेजलच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीचं झालं. तेजल हातांनी बोलताना तोंडानंही थोडं थोडं बोलत होती, माझ्यासाठी. एकदा ती म्हणाली, “इथं ऑफिसात दिवसभर तीन भाषा बोलते मी. पण रात्री खोलीत आले की हात नुसते पडून असतात. काल आरशासमोर उभी राहून स्वतःशीच बोलले, विसरू नये म्हणून.”

बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. शेठ स्वतः केबिनच्या दारात उभे राहून येणाऱ्याला ‘पाच मिनिटं’ म्हणत होते. चाळीस मिनिटं झाली. माझे दंड थरथरायला लागले. काकूंनी ते बघितलं. मुलीशी बोलता बोलता थांबून त्यांनी माझ्याकडं बोट केलं, स्वतःचे दंड चोळून दाखवले, आणि काहीतरी विचारलं.

“आई म्हणतेय,” माझ्या तळहातातून आवाज आला, “त्या मुलीचे हात दुखत असतील. तिला आता बसू दे.”

*

त्या दुपारी मी एक कागद लिहून ओरियाच्या काउंटरवर चिकटवला. ‘यातला व्हिडिओ कॉल फक्त ओरियावरून ओरियावर लागतो. इतरांसाठी दुसरं ॲप आहे, विचारा.’ निनाद सर शनिवारी आले. त्यांनी कागद वाचला आणि मला बाजूला घेतलं.

“हे काय आहे?”

“माहिती आहे, सर.”

“खोटी आहे का?”

“नाही.”

“मग खरं लिहायला कंपनीनं तुला ठेवलंय का?” ते खरंच वैतागले होते, वाईट माणूस नव्हते. “काढ ते. मी बघितलंच नाही असं समजतो.”

मी काढला नाही. म्हणजे फार शूर होते असं नाही, हात वर गेलाही होता. पण शेठ गल्ल्यावरून म्हणाले, “राहू दे तो. त्या कागदानंतर एकही माणूस भांडायला आलेला नाही.” पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ओरियाची नोकरी आणि निळा टी-शर्ट गेला. दोन तारखेपासून मी शेठच्या पगारावर, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, सगळ्याच कंपन्यांचे फोन विकायला त्याच जागी उभी राहिले.

आणि मग काका-काकूंसारखे ऐकू न येणारे लोक यायला लागले. भुसावळहून, धुळ्याहून, पाचोऱ्याहून. दोघं-दोघं, चौघं-चौघं. दुकानात शिरायचे आणि हात हलवून मला शोधायचे. विसपुते काकांनी सगळीकडं निरोप पोचवला होता. मी त्यांना वहीत लिहून समजवायचे, पण निम्म्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून मी रविवारी विसपुतेंच्या घरी खुणांची भाषा शिकायला जायला लागले. मेहरूणच्या बाजूला दोन खोल्या होत्या, दाराला घंटेऐवजी दिवा लागायचा. काकू भाजी निवडता निवडता शिकवायच्या. कडक होत्या. खूण चुकली की माझ्या बोटांवर भेंडी मारायच्या.

वर्षभरानं काकूंनी ठरवलं, की त्यांना स्वतःचा फोन हवा. नवऱ्याचा नको, स्वतःचा. काकांना सांगून टाकलं, तुम्ही येऊ नका, तुम्ही प्रश्नच विचारत बसता. सांखलाशेठकडं त्या आठवड्यात माल कमी होता, म्हणून आम्ही दोघी स्टेशन रोडवरच्या नव्या मोठ्या शोरूममध्ये गेलो. काचेची दारं, आत गारवा. एका भिंतीला आयफोन, दुसऱ्या भिंतीला बाकीचे. टाय लावलेला एक चुणचुणीत तरुण लगबगीनं पुढं आला.

“या मॅडम, कुणासाठी बघताय? बजेट काय?”

मला स्वतःचीच आठवण झाली. मी काकूंना खुणांनी सांगितलं. काकूंनी हात चालवले आणि मी त्यांचं बोलले, “माझ्यासाठी. मला माझ्या मुलीशी बोलायचं आहे.”

“अच्छा, तुमची मुलगी...” तो माझ्याकडं बघून म्हणाला, आणि माझं वय बघून गोंधळला. “म्हणजे यांची? यांना सांगा ना मॅडम, की यात कॅमेरा एक नंबर आहे. यांना वापरता येईल ना पण? घरी कुणी शिकवायला आहे का यांना?”

मी ते काकूंना खुणांनी सांगितलं. काकूंनी काउंटरवर दोनदा टिचकी मारली. टक टक. तो दचकून त्यांच्याकडं वळला. त्यांनी आधी माझ्याकडं बोट केलं, मग स्वतःकडं, आणि मग सावकाश, एकेक खूण सुटी करून बोलल्या. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी.

मी तोंड उघडलं. पोटासाठी मी इतकी वर्षं बोलत आले होते, पण असं कधी बोलले नव्हते.

“माझ्याकडं बघून बोला,” मी म्हणाले. “मी कुमुद विसपुते. फोन मी घेणार आहे. या बाई फक्त माझा आवाज आहेत.”

तो मुलगा लाल झाला. एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं. मग त्यानं टाय सारखा केला, काकूंच्या समोर सरळ उभा राहिला आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “सॉरी काकू. तुम्हाला कोणता दाखवू?”

काकूंनी दोन्ही भिंतींवरचा एकेक मागितला. किंमत विचारली नाही, कंपनी विचारली नाही. दोन्ही फोन शेजारी-शेजारी काउंटरवर उभे करायला लावले, कॅमेरे सुरू करायला लावले, आणि दोन पावलं मागं सरकल्या. मग भर शोरूममध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध उभ्या राहून, त्यांनी दोन्ही हात पसरले आणि पडद्यांकडं बघत तेजलशी बोलावं तसं बोलून पाहिलं. ती तिकडं नव्हती तरी. एका पडद्यात त्यांची बोटं कडेला कापली जात होती. दुसऱ्यात दोन्ही हात पुरते मावले.

“हा,” मी त्यांच्या वतीनं म्हणाले.

तो कोणत्या कंपनीचा होता, ते आता मला आठवत नाही. आज जिल्हा न्यायालयात खुणांच्या भाषेची दुभाषी म्हणून मी कुणा ना कुणासाठी रोज ‘मी’ म्हणते, आणि तो ‘मी’ माझा नसतो. तो पहिल्यांदा त्या शोरूममध्ये म्हटला होता, एवढं मात्र पक्कं लक्षात आहे. पिशवी काकूंनी माझ्याकडं दिली नाही. त्यांना हात मोकळे लागत, म्हणून त्यांनी ती कोपरात अडकवली आणि घरी येईपर्यंत रिक्षात माझ्याशी बोलत बसल्या.